काठीच्या पलीकडची दरी

डोंगर आणि दरी ही एकाच भूमीची दोन रूपे खरी. परंतु पायी चालणाऱ्याची परीक्षा ती निरनिराळ्या रीतीने घेतात. डोंगर आपल्या मनातले आरंभीच सांगून टाकतो. पहिल्या चढणीलाच छाती भरून येते, पाय बोलू लागतात आणि ज्याच्या अंगी बळ नाही तो वेळीच मागे फिरतो. दरीचे तसे नाही. ती आरंभी गोड बोलते. उतरणीवर पाय आपोआप पडत जातात, सकाळचा वारा अंगाला सुखवतो, पाण्याची बाटली निम्मी झाली तरी कुणाला चिंता वाटत नाही. खरा हिशेब तळाशी पोहोचल्यावर सुरू होतो. तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला असतो, कातळ तापलेला असतो आणि जेवढे उतरलो तेवढे सारेच्या सारे चढणे शिल्लक असते.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यन नावाची जगप्रसिद्ध घळ आहे. तेथील वनरक्षक पर्यटकांना हेच बजावतात, की खाली जाणे तुमच्या मर्जीवर आहे, वर येणे मात्र सक्तीचे आहे. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात उतारावर चालू नये, असेही ते सांगतात. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही घळ सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. तिच्या तळाशी उघडे पडलेले खडक पावणेदोनशे कोटी वर्षांच्या घरातील आहेत. १९१९ साली या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांची मुले आज परदेशी आहेत. त्यांना भेटायला गेलेल्या आईवडिलांचे या घळीच्या कठड्याशी उभे राहून काढलेले छायाचित्र अनेक दिवाणखान्यांत दिसते. ते पाहताना पाहुण्यांच्या तोंडून एक उद्गार हमखास निघतो, ‘किती सुंदर, किती ओसाड!’

‘ओसाड’ हा शब्द आम्हीही पूर्वी सहजपणे वापरीत असू. नंदुरबार जिल्ह्यातील काठी गावाच्या पलीकडे नर्मदेची दरी उतरून आल्यापासून तो जिभेवर येताना अडखळतो. तो का अडखळतो, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

महाराष्ट्राच्या नकाशात अगदी वायव्येला, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांच्या माथ्यावर, नर्मदा आपल्या राज्याला स्पर्श करून जाते. अमरकंटकपासून समुद्रापर्यंतच्या तिच्या सुमारे १,३१२ किलोमीटरच्या प्रवासात महाराष्ट्राच्या वाट्याला जेमतेम ५४ किलोमीटरचा काठ आला आहे, आणि तोही केवळ दक्षिणेकडचा. उत्तरेला विंध्य, दक्षिणेला सातपुडा आणि दोहोंमधल्या खचदरीतून पश्चिमेकडे धावणारी नदी, अशी ही रचना आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ दोन्ही बाजूंनी तिच्यावर झुकलेला आहे. नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरू या टापूला ‘शूलपाणीची झाडी’ म्हणत आणि येथून जाताना अंगावरचे वस्त्रही लुटले जाईल या भीतीने देवाचे नाव घेत. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने ही परिक्रमा मराठी घराघरांत पोहोचविली.

हा प्रदेश भूगोलाच्या व्याख्येप्रमाणे वाळवंट नव्हे. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो आणि डोंगर हिरवे गच्च होतात. परंतु काळ्या कातळावर पाणी ठरत नाही. होळी जवळ आली की ओढ्यांचे डोह होतात, डोहांची डबकी होतात आणि साग आपली पाने गाळून उघडा पडतो. कांडोळाची पांढरीफटक खोडे हाडांसारखी उभी असतात. सारा डोंगर करडा, आणि त्यावर मध्येच पेटलेला एखादा पळस! त्या चार महिन्यांत ही दरी कोणत्याही वाळवंटी घळीच्या पंक्तीला बसेल. मात्र येथे राष्ट्रीय उद्यान नाही, तिकीटघर नाही, कठडा नाही आणि इशारा देणारी पाटीही नाही. येथे माणसे राहतात.

आमचे जाणे झाले ते २०२५ सालच्या मार्च महिन्यात. त्या वर्षी राखेचा बुधवार ५ मार्चला आला. ९ मार्चच्या पहिल्या रविवारी प्रभू येशूच्या वाळवंटातील चाळीस दिवसांचे शुभवर्तमान ऐकून आमच्या धर्मग्रामातील आम्ही सहा जण निघालो. नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा आणि मग देवगोईचा घाट अशी वाट आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. धर्मसभेच्या दृष्टीने तो १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतो. डोंगरातील एका मिशन-केंद्रात धर्मभगिनींनी आमची उतरण्याची सोय केली होती. त्यांनीच सांगितले, ‘आलाच आहात तर आधी काठीची होळी पाहा. या लोकांना आधी त्यांच्या आनंदात भेटा. दरी कुठे पळून जात नाही.’

काठी हे एके काळच्या मेहवासी संस्थानांपैकी एका छोट्या भिल्ल संस्थानाचे गाव. तेथील ‘राजवाडी होळी’ साऱ्या सातपुड्यात प्रसिद्ध आहे. १२४६ सालापासून ती अखंड चालत आली आहे, असे काठीकर अभिमानाने सांगतात. होळीचा दांडा म्हणून उंचच उंच बांबू दूरच्या जंगलातून माणसांच्या खांद्यावरून येतो. त्याच्यासाठी खड्डा खणायचा तो हातांनी. इतर गावांच्या होळ्या संध्याकाळी पेटतात. काठीची होळी मात्र रात्रभर ढोल आणि नाच झाल्यावर पहाटे पेटते. डोंगरातल्या पाड्यापाड्यांवरून माणसे पायी येतात. अंगावर ठिपके आणि पट्टे रंगविलेले, डोक्याला मोरपिसांचे उंच टोप घातलेले, कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू बांधलेले ‘बुध्या’ आणि ‘बावा’ नाचत असतात. प्रथमदर्शनी परक्याला तो निव्वळ करमणुकीचा खेळ वाटावा. पण तसे नाही. हे नवस फेडणारे लोक असतात. होळीपूर्वी काही दिवस ते जमिनीवर निजतात, ब्रह्मचर्य पाळतात, खाण्यापिण्याची बंधने पाळतात. गावावर, गुराढोरांवर, लेकरांवर अरिष्ट येऊ नये म्हणून एकाने आपल्या देहाला कष्ट द्यायचे, असा त्याचा अर्थ आहे.

त्या वर्षी होळीची रात्र १३ मार्चची होती. म्हणजे पहाट उजाडली ती प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारची. नऊ दिवसांपूर्वी आमच्या कपाळावर राख लागली होती. येथे समोरच्या तरुणाच्या सर्वांगावर ठिपके होते आणि डोळ्यांत जागरणाची लाली होती. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना आरंभी जरा अवघडल्यासारखे झाले. ‘आपण उपवासाच्या दिवसांत येथे नाचगाण्यात उभे राहावे का?’ असे त्यांनी हळूच विचारले. बरोबरच्या सिस्टर म्हणाल्या, ‘काका, उपवास तर त्यांचाही आहे. आपला अजून चालू आहे, त्यांचा आज सुटतो आहे, एवढाच फरक.’ दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली जगाला सांगितले, की इतर धर्मांत जे जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही धर्मसभा नाकारीत नाही. ते वाक्य आम्ही अभ्यासवर्गात अनेकदा ऐकले होते. त्याचा अर्थ काठीच्या मैदानात, उंच बांबूच्या शेंड्याकडे धावत जाणाऱ्या ज्वाळांच्या उजेडात कळला. काका शेवटपर्यंत हात जोडून उभे होते.

शनिवारी पहाटे चार वाजता आम्ही निघालो. काठी-मोलगीच्या परिसरातून उत्तरेला जाणारी जीप डांबर संपेपर्यंत गेली. पुढची वाट पायांची. आमचा वाटाड्या विशीबाविशीतला तरुण होता. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या आरंभी या डोंगरांत ज्या ‘जीवनशाळा’ सुरू केल्या, त्यांतल्या एकीत तो शिकला होता. ‘जोहार’ म्हणून त्याने आमचे स्वागत केले आणि लगेच प्रत्येकाची पाण्याची बाटली हातात घेऊन वजन पाहिले. ‘दादा, एवढे पाणी जायला पुरेल. यायला नाही. खाली आमच्या झिऱ्यावर भरून घेऊ. आणि चार वाजल्याशिवाय वर चढायचे नाही.’ ग्रँड कॅन्यनच्या वनरक्षकांचे सारे नियम त्याने दोन वाक्यांत सांगून टाकले होते, आणि त्यासाठी त्याला कोणत्याही पाटीची गरज नव्हती.

डोंगराच्या सोंडेवरून वाट उतरू लागली तेव्हा पूर्व नुकतीच तांबडी होत होती. मोहाच्या झाडांखाली बायका-पोरे फुले वेचीत होती. रात्री गळालेली ती पिवळसर, रसरशीत फुले ऊन चढण्याआधी गोळा करावी लागतात. त्यांचा गोड, दाट वास त्या थंड हवेत भरून राहिला होता. वाटाड्या चालता चालता झाडांची ओळख करून देई. ही सालई, हिच्या खोडातून डिंक निघतो, हा टेंभुर्णी, याचे पान विडीला जाते, ही चारोळी, आणि हे आंबे, ज्यांच्या कैऱ्या सोलून, उन्हात वाळवून आमचूर होते. या भागातल्या आमचुराला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही ज्याला उजाड डोंगर समजत होतो, तो एक भरलेले कोठार होता. मात्र त्याची कुलपे कोठे आहेत हे ठाऊक असणाऱ्यालाच तो उघडतो.

दोन तास उतरल्यावर एका वळणावर दरी एकाएकी समोर आली. काळे कडे दोन्ही बाजूंनी उभे होते आणि त्यांच्यामध्ये हिरवट, निश्चल, रुंद पाणी होते. दृश्य विलक्षण सुंदर होते, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. आम्ही सारे थबकलो. कुणीतरी कॅमेरा काढला. वाटाड्या मात्र पाण्याकडे पाहत नव्हता. तो कड्यावर पाण्याच्या कितीतरी वर उमटलेला, सरळ आखल्यासारखा एक फिकट पट्टा दाखवीत म्हणाला, ‘पावसाळ्यानंतर पाणी तिथपर्यंत येते. आमचे घर त्याच्याही खाली होते.’

जे आम्ही पाहत होतो ती नदी नव्हती. ते सरदार सरोवराचे जलाशय होते, आणि दरीचा तळ, म्हणजे जो पाहायला आम्ही आलो होतो तो, त्याखाली बुडालेला होता.

या धरणाचा इतिहास वाचकांना थोडाफार ठाऊक असेल; परंतु काही तपशील पुन्हा सांगणे योग्य होईल. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ साली निवाडा दिला. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला विजेचा २७ टक्के हिस्सा आला, आणि बुडणाऱ्या शेतकऱ्याला जमिनीच्या बदल्यात जमीन द्यावी असेही बंधन घातले गेले. महाराष्ट्रातील ३३ गावे बुडीत क्षेत्रात येत होती. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे त्यांतले पहिले. १९९३च्या पावसाळ्यात तेथील घरांत पाणी शिरले, आणि ‘आम्ही हलणार नाही’ म्हणून छातीभर पाण्यात उभे राहिलेल्या माणसांमुळे त्या चिमुकल्या गावाचे नाव जगभर गेले. त्याच वर्षी जागतिक बँकेचे कर्ज थांबले. १९९४ साली मोठ्या धरणांना पैसा पुरविण्याविरुद्ध जगभरच्या संघटनांनी जो जाहीरनामा काढला, त्याला मणिबेलीचेच नाव देण्यात आले. पुढे १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास परवानगी दिली. भिंत टप्प्याटप्प्याने १३८.६८ मीटरपर्यंत चढली. २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रथमच काठोकाठ भरले.

या पाण्याने कच्छ-सौराष्ट्रातील कितीतरी तहानलेल्या गावांत नळ आले, हेही तितकेच खरे आहे. तहानेल्याला पाणी देणे हे पुण्यकर्मच होय, आणि त्या आयाबहिणींच्या डोक्यावरचा हंडा उतरला याचा आनंद कुणालाही व्हावा. प्रश्न एवढाच उरतो, की त्या पाण्याचे मोल कोणी दिले, आणि ज्यांनी दिले त्यांचा हंडा उतरला काय?

त्याचे उत्तर आम्हांला तासाभरात मिळाले. पाण्याच्या वरच्या अंगाला, एका टेकाडावर आठ-दहा घरांचा पाडा होता. कुडाच्या भिंती, कौलांची छपरे, अंगणात वाळत घातलेली मोहाची फुले. आम्ही पोहोचलो तेव्हा दोन मुली डोक्यावर हंडे घेऊन डोंगराच्या वरच्या बाजूने उतरत होत्या. खाली नजर पोहोचेल तिथवर पाणी, आणि मुली पाणी आणायला डोंगरावर! आम्ही आश्चर्याने विचारले, तेव्हा वाटाड्याने खालचा काठ दाखविला. ओसरत्या जलाशयाने गुडघाभर गाळ मागे ठेवला होता. त्यात गुरे रुततात, माणसेही रुततात, आणि मगरींचीही भीती. म्हणून पिण्याचे पाणी अजूनही वरच्या झिऱ्याचेच. वाटीवाटीने हंडा भरायचा. त्याच झिऱ्यावर आम्हांला आमच्या बाटल्या भरून घ्यायच्या होत्या. सहा माणसांच्या बाटल्या भरायला किती वाट्या लागल्या, हे आम्ही मोजले नाही, मोजवले नाही. आमच्यासाठी वाटी बुडविणाऱ्या मुलीने मात्र एकदाही मान वर केली नाही, की कंटाळल्याचे दाखविले नाही.

पाड्यावरच्या एका वृद्ध बाईंनी आम्हांला ओसरीवर बसवले. ज्वारीच्या भाकरी, उडदाची डाळ आणि लाल मिरचीची चटणी समोर आली. त्या भिलीतून बोलत आणि वाटाड्या मराठीतून सांगे. या भाषेत आईला ‘याहा’ म्हणतात; येथल्या लोकांची कुलदेवता याहा मोगी. आम्हीही बाईंना याहाच म्हणू लागलो, आणि त्या हसल्या. मग त्यांनी खालच्या पाण्याकडे बोट करून एकेक जागा सांगितली. त्या तिथे, जिथे पाणी थोडे काळसर दिसते, तिथे आमची चिंच होती. तिच्या डाव्या अंगाला वाघदेवाची जागा. त्याच्या खाली पूर्वजांचे दगड. त्याच्याही खाली, नदीलगत, गाळाचे शेत. त्यात खत न घालता पीक येई. त्यांची दोन मुले तळोद्याच्या बाजूला पुनर्वसनाच्या गावात राहायला गेली होती. तिथे जमीन मिळाली, शाळा आहे, रस्ता आहे. ती बरी आहेत, असे बाई म्हणाल्या. ‘मग तुम्ही का गेला नाहीत?’ असे आमच्यातील एकीने विचारले. बाईंनी पाण्याकडे पाहिले. ‘दगडांना सोबत कोण?’ एवढेच त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांनी आम्हांला एक प्रश्न विचारला. तो विचारताना त्यांच्या आवाजात रोष नव्हता, केवळ कुतूहल होते. ‘इतक्या लांबून, इतके चालून, तुम्ही काय पाहायला आलात? पाणी? पाणी तर तुमच्याकडेही असेल.’

ओसरीवर कुणी काही बोलले नाही. योहान बाप्तिस्त्याविषयी बोलताना प्रभूने जमलेल्या लोकांना असेच विचारले होते, की ते रानात नेमके काय पाहायला गेले होते. वाऱ्याने हलणारा बोरू, की तलम वस्त्रे ल्यालेला माणूस? त्या प्रश्नावर अनेक प्रवचने आम्ही ऐकली आहेत. तो प्रश्न रानात राहणाऱ्याच्याच तोंडून, आम्हांलाच, समोरासमोर विचारला जाईल असे कधी मनात आले नव्हते.

चार वाजण्याची वाट पाहत आम्ही त्या पाड्यावर दुपार घालविली. कातळ तापला होता, पाखरूही बोलत नव्हते. पाण्यावरून एक होडी संथपणे चालली होती. आता या काठच्या गावांना होडीवाचून गत्यंतर नाही. मुलांना शाळेत, रुग्णाला दवाखान्यात, सारे काही पाण्यावरून न्यावे लागते. वाटाड्याने एक हकीकत सांगितली, जी त्या काळी वर्तमानपत्रांतही आली होती. २०२० साली महामारीच्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने पाहिले, की पलीकडच्या पाड्यांवरच्या गरोदर बायका व तान्ही मुले भीतीपोटी अंगणवाडीत येईनाशी झाली आहेत. तिने मासेमाराची छोटी होडी घेतली आणि स्वतः वल्हवीत ती पोषण आहार घेऊन त्यांच्यापर्यंत जाऊ लागली. रोजचे येणेजाणे सुमारे अठरा किलोमीटरचे. ज्या पाण्याने गावे एकमेकांपासून तोडली, त्याच पाण्यावर एका बाईच्या दोन हातांनी पुन्हा वाट काढली. याहून वेगळे प्रेषितकार्य कोणते असेल?

त्या निवांत दुपारी आम्हांला पुन्हा ग्रँड कॅन्यनची आठवण झाली. पण आता ती दिवाणखान्यातल्या छायाचित्राची नव्हती. त्या घळीतही माणसे राहत होती. हावासुपाई नावाचे आदिवासी लोक घळीच्या कुशीतील एका झऱ्यालगत पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांतल्या शेवटच्या रहिवाशाला १९२८ साली तेथून बाहेर काढण्यात आले. १९७५ साली त्यांच्या पूर्वापार भूमीचा काही भाग त्यांना परत मिळाला, आणि त्या झऱ्याच्या जागेला त्यांचे नाव मिळायला २०२२ साल उजाडावे लागले. त्याच कोलोरॅडो नदीच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन नावाची दुसरी घळ होती. १९६३ साली तेथील धरणाचे दरवाजे बंद झाले आणि ती पाण्याखाली गेली. म्हणजे एकाच नदीवर एका ठिकाणी घळ लोकांना दिसावी म्हणून माणसे हलविली, आणि दुसऱ्या ठिकाणी घळच बुडविली. दोन्ही वेळा नकाशावर तो प्रदेश ‘ओसाड’ म्हणून लिहिलेला होता. ओसाड हा शब्द वर्णनाचा नव्हेच. तो बहुधा आधी लिहिला जातो, आणि मग खरा केला जातो.

चारला आम्ही निघालो. बाईंनी प्रत्येकाच्या हातावर मूठभर चारोळ्या ठेवल्या. पैसे देऊ केले, तर त्यांनी हात मागे घेतला. शेवटी आमच्यातील एकीने आपल्याजवळचे औषध-पट्ट्यांचे पाकीट पाड्यावरच्या मुलींपाशी ठेवले. ते मात्र घेतले गेले. चढण निर्दय होती. दर पन्नास पावलांवर थांबावे लागे. उतरताना ज्या वाटेकडे आमचे लक्षही गेले नव्हते, तिचा प्रत्येक दगड आता ओळख देत होता. आमच्या मागून येणारी एक बाई, डोक्यावर मोहाचे टोपले आणि पाठीला मूल बांधून, आम्हांला ओलांडून पुढे गेली, आणि वळणावर थांबून हसली. काका म्हणाले, ‘काल शुक्रवारी क्रुसाची वाट राहिली होती, ती आज झाली.’ अंधार पडला, आणि होळीनंतरचा चंद्र डोंगरामागून उशिरा वर आला तेव्हा आम्ही जीपपाशी पोहोचलो होतो.

दुसऱ्या दिवशी, प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या रविवारी, मिशन-केंद्राच्या छोट्या मंदिरात पवित्र मिस्सा झाली. फादरांनी मराठीतून वाचले आणि प्रवचन भिलीतून केले. पोप फ्रान्सिस त्या दिवसांत रोममधील रुग्णालयात होते. त्यांच्यासाठी प्रार्थना झाली, तेव्हा डोंगरातून चालत आलेल्या बायका आमच्याहून मोठ्याने ‘प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ म्हणाल्या. पुढे २१ एप्रिलला पोप महोदय प्रभूघरी गेले. धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे, हे त्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून दहा वर्षे आधीच सांगून ठेवले होते. त्या रविवारी मंदिरात बसलेल्यांना ते कुणी वाचून दाखविण्याची गरज नव्हती.

त्या दिवसाचे शुभवर्तमान डोंगरावरील रूपांतराचे होते. पेत्राला तेथे इतके बरे वाटले, की तीन मंडप उभारून तेथेच राहावे असे त्याच्या मनाने घेतले. पर्यटकाचे मनही असेच असते. सुंदर जागा दिसली, की तेथे कठडा बांधावा, मंडप घालावा आणि पाहत बसावे. परंतु प्रभू तेथे राहिला नाही. लूक सांगतो, की दुसऱ्या दिवशी ते डोंगर उतरून आले तेव्हा खाली मोठा लोकसमुदाय वाट पाहत होता, आणि त्यात आपल्या एकुलत्या एका आजारी मुलासाठी टाहो फोडणारा एक बाप होता. डोंगरावर तेज दिसले ते खाली उतरण्यासाठी.

वाचकहो, सुट्टीत आपण मुलाबाळांना घेऊन डोंगरदऱ्या जरूर पाहाव्यात. काठी, मोलगी, धडगाव, तोरणमाळ ही नावे आपल्याच राज्यातली आहेत आणि त्यांच्या वाटा कुणाला बंद नाहीत. जाताना चार गोष्टी मात्र ध्यानात असाव्यात. पावसाळ्यात ओढे फुगतात, तेव्हा दरीत उतरू नये. होळीनंतरच्या उन्हात पहाटेच चालावे आणि दुपार सावलीत काढावी. वाटाड्या गावातलाच घ्यावा आणि त्याची मजुरी आधी ठरवून पूर्ण द्यावी. झिऱ्यावरचे पाणी घेण्यापूर्वी विचारावे, कारण तेथे वाटीवाटीने हंडा भरतो. आणि कुणाच्या दारापुढे छायाचित्र काढण्याआधी त्या दाराशी जोहार म्हणावे.

याहाच्या प्रश्नाला त्या दिवशी ओसरीवर आम्ही उत्तर दिले नाही. आज विचारले तर म्हणू, की याहा, आम्ही पाणी पाहायला आलो होतो खरे; पण त्या पाण्याखाली तुझी चिंच आहे, हे आता आम्हांला ठाऊक आहे. आपल्या घरी नळ सोडताना आणि दिव्याची कळ दाबताना तिची आठवण होईल, एवढी कृपा आम्हां सर्वांस लाभो.